आधी शुद्धी, मग वस्ती

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ सालच्या पहिल्या दिवशी रात्री बारा बंदिस्त गाड्यांतून पिथमपूरकडे रवाना झाला आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस तेथील भट्टीत जाळून संपविण्यात आला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी चार आठवड्यांची मुदत घालून दिली नसती, तर हा कचरा आणखी किती पावसाळे तेथेच भिजत राहिला असता, हे सांगणे कठीण आहे. सरकारने सुटकेचा निःश्वास टाकला. भोपाळच्या माथ्यावरील कलंक पुसला गेला, असेही काहींनी म्हणून टाकले. आम्हांस मात्र ही घाई मान्य नाही. गेला तो पोत्यांत भरून ठेवलेला कचरा. ज्या मातीत आणि ज्या पाण्यात विष मुरले आहे, ती माती आणि ते पाणी जेथल्या तेथेच आहे.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० साली या आवाराची पाहणी करून अहवाल दिला. त्यात दूषित मातीचा अंदाज सुमारे अकरा लाख टनांचा होता. अकरा लाख टनांपुढे ३३७ टन म्हणजे दर्यात खसखस! १९८४ च्या त्या काळरात्रीशी या मातीचा तसा थेट संबंध नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वायू एका रात्रीत पसरला. माती नासली ती कारखाना चालू असताना, वर्षानुवर्षे आवारात आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांत टाकलेल्या द्रव्यांनी. कीटकनाशके, पारा, क्लोरीनयुक्त संयुगे पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरत गेली आणि आसपासच्या वस्त्यांच्या विहिरींत व कूपनलिकांत पोहोचली. या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश देण्याची पाळी २००४ साली सर्वोच्च न्यायालयावर आली होती. ज्यांना वायूने गाठले नव्हते, अशांनाही पाण्याने गाठले.

हा विषय आज आम्ही हाती घेतो, त्याला आणखी एक कारण आहे. भोपाळची मेट्रो २०२५ च्या डिसेंबरात धावू लागली. सुभाषनगर ते एम्स हा तिचा पहिला टप्पा. तिचा उत्तरेकडील आखलेला मार्ग रेल्वे स्थानकापासून नादरा बस स्थानक, सिंधी कॉलनी, डीआयजी बंगला असा करोंदपर्यंत जातो, म्हणजे जुन्या कारखान्याच्या बाजूच्याच भागातून. एकदा का तेथे गाडी धावू लागली, की आजवर ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिच्यावर कितीतरी डोळे खिळतील. मेट्रोजवळचे सदुसष्ट एकरांचे मोकळे आवार! अशा जमिनीवर आधी स्मारकाची भाषा होते, मग उद्यानाची होते आणि अखेरीस बाजारपेठेची व सदनिकांची होते, हा शहरांचा अनुभव आहे. त्यावेळी मातीची तपासणी कोण करणार? आणि केलीच, तर तिचा निष्कर्ष घर घेणाऱ्याला कोण सांगणार?

प्रश्न एकट्या भोपाळचा नाही. आपल्या देशातील जुनी कारखानदारी रेल्वेच्या रुळांना धरूनच वाढली. कोळसा येण्यासाठी आणि माल जाण्यासाठी रूळ हवे होते, कामगारांसाठी स्थानक हवे होते. गिरण्या, रंगाचे कारखाने, कातडी कमावण्याचे कारखाने, तेलाच्या टाक्या, कोळशाची आगारे हे सारे लोहमार्गाच्या कडेने वसले. शहराचा उकिरडाही तेथेच जवळपास साठला. आता कारखाने बंद पडले, शहर त्यांना ओलांडून चहूकडे पसरले आणि जो भाग एकेकाळी गावाबाहेर होता तो मध्यवस्तीत आला. केंद्र सरकारने २०१७ साली मेट्रोचे धोरण जाहीर केले, त्याच वर्षी सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गांभोवती दाट वस्ती वसविण्याचेही धोरण जाहीर केले. स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरांच्या परिघात अधिक उंचीच्या इमारती, अधिक घरे, अधिक कचेऱ्या, असा त्या धोरणाचा आशय आहे. त्या परिघात मोकळी जमीन शोधू लागलो, तर बहुधा अशी विटाळलेली जमीनच हाती लागते.

अशा जमिनीचा पुन्हा उपयोग करू नये, असे आम्ही म्हणत नाही. उलट, तो झालाच पाहिजे, असे आमचे मत आहे. शहरांना घरे हवीत आणि ती कोठेतरी उभी राहणारच. नासलेली जमीन टाकून द्यायची आणि घरांसाठी शेते, डोंगर, खाजने गिळंकृत करायची, हा उफराटा न्याय झाला. बस आणि रेल्वे यांच्या जवळ राहणाऱ्याचा वेळ वाचतो, पैसा वाचतो, धूर कमी होतो. कामगाराला घर कामाजवळ मिळणे यासारखे सुख नाही. तेव्हा बिघडलेली जमीन दुरुस्त करून ती वाहतुकीच्या सोयीने शहराला परत जोडणे हे शहाणपणाचेच काम आहे. पण त्यात क्रम महत्त्वाचा. पहिल्याने शुद्धी, मग वाहतुकीची सोय आणि त्यानंतर वस्ती. आपल्याकडे बहुधा आधी कळस मग पाया असे होते.

क्रम चुकल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेने घेतलेला आहे. नायगारा फॉल्स या शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जमीन एक डॉलर घेऊन शाळा मंडळाला देऊन टाकली. तेथे शाळा झाली, आजूबाजूस घरे झाली. पंचवीस वर्षांनी तळघरांतून रसायने पाझरू लागली, तेव्हा १९७८ साली राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्यातून १९८० साली, ज्याने घाण केली त्याच्याकडून शुद्धीचा खर्च वसूल करण्याचा कायदा तेथे झाला आणि २००२ साली अशा जमिनींच्या पुनर्वापरास साहाय्य देणारा दुसरा कायदा झाला. एका डॉलरला मिळालेली जमीन किती महाग पडू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही.

क्रम पाळला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये टेम्सच्या वळणावर ग्रिनिच येथे एक प्रचंड गॅसचा कारखाना होता. १९८० च्या दशकात तो थांबला, तेव्हा मागे डांबर, बेंझिन आणि नाना प्रकारचे तैलांश यांनी भरलेली जमीन राहिली. सरकारी विकास संस्थेने ती १९९७ साली ताब्यात घेतली, शुद्धीचे काम पुढे नेले, दूषित माती काढली वा बंदिस्त केली आणि भूमिगत रेल्वेचे नवे स्थानक तेथे १९९९ साली सुरू झाले. घरे त्यानंतर आली. या सगळ्याला अफाट पैसा लागला आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण जमिनीखाली काय आहे, हे लपविले गेले नाही. घर घेणाऱ्याला आपण कशावर राहतो हे माहीत होते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. धारावीच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली देवनारच्या कचराभूमीपैकी १२४ एकर जमीन दिली. १९२७ पासून मुंबईचा कचरा येथे पडत आला आहे. २०१६ च्या जानेवारीत या ढिगाऱ्यांना लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांतूनही दिसला होता. शेजारी गोवंडी व मानखुर्दची हार्बर मार्गावरील स्थानके आहेत आणि डी. एन. नगरहून मंडाळ्यापर्यंत आखलेली मेट्रोही त्याच अंगाने येते. कागदावर पाहता योजना सुरेख दिसते. जमीन आहे, रेल्वे आहे, गरजू माणसे आहेत. मग अडते कोठे? अडते ते जमिनीत. तेथे सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा साठला आहे आणि तो उपसण्याचे दोन हजार कोटींहून अधिक खर्चाचे काम महानगरपालिकेने हाती घेतले आहे. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमावलीत तर स्पष्ट म्हटले होते, की बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख ठेवल्यावर आणि तेथील वायू व पाझर मर्यादेत असल्याची खात्री पटल्यावरच मनुष्यवस्तीचा विचार करावा. कचरा सारा उपसला की ती कचराभूमीच राहणार नाही, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद आहे. तो अगदीच निराधार आहे असे नव्हे. पण शंभर वर्षांचा पाझर जेथे मुरला, ती खालची माती आणि तो खालचा पाणथर कचऱ्याबरोबर गाडीत बसून जात नाही, हे भोपाळने दाखवून दिले आहे.

हा इशारा काल्पनिक नाही. याच मुंबईत मालाडजवळ चिंचोली बंदर येथील जुन्या कचराभूमीवर कचेऱ्यांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीतून निघणाऱ्या वायूंनी तेथील संगणक व वातानुकूलन यंत्रे गंजू लागली. यंत्रे बिघडली म्हणून तक्रारी झाल्या, तपासण्या झाल्या. यंत्रांची दाद लागली, कारण ती महाग होती. देवनारला यंत्रांच्या जागी माणसे राहणार आहेत. गोवंडी-मानखुर्दचा हा विभाग मानवी विकासाच्या मोजमापात मुंबईच्या तळाशी राहिलेला आहे. क्षयाने आणि दम्याने आधीच गांजलेल्या या परिसरात आणखी हजारो गरीब कुटुंबे आणून बसवायची आणि धारावीची मोक्याची जमीन बाजाराला मोकळी करायची, यास पुनर्वसन म्हणावे काय? स्वच्छ जमीन श्रीमंतांना आणि नासकी जमीन गरिबांना, अशी वाटणी नियोजनाच्या नावाखाली होत असेल, तर तिला विरोध करणे आम्ही कर्तव्य समजतो.

वाहतुकीच्या अंगाचाही विचार केला पाहिजे. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या नियमानुसार गिरणीमालक, महानगरपालिका आणि घरे बांधणारी सरकारी संस्था यांच्यात तीन वाटे होऊन विभागल्या जायच्या होत्या. २००१ साली नियमात फेरफार झाला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो उचलून धरला आणि मोकळ्या जागेचा व घरांचा सार्वजनिक वाटा आकसला. गिरणगावातील कोकणी आणि घाटावरचा कामगार देशोधडीस लागला. त्याच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि त्यांत लाखभर नवे चाकरमाने येऊ लागले. स्थानके मात्र गिरण्यांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. स्थानकाजवळ वस्ती वाढविणे म्हणजे स्थानकाचीही वाढ करणे आहे, एवढी साधी गोष्ट त्या २३ जणांच्या मरणापूर्वी कोणाला सुचली नाही. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले, त्यांचे आम्ही स्वागत करतो. १९८४ नंतर असे नियम व्हावयास चार दशके लागली, हे खरे असले तरी उशिरा का होईना, पाऊल पडले. स्थानिक संस्थांनी व जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी करावी, राज्य मंडळाने ठराविक मुदतीत प्राथमिक व मग सविस्तर तपासणी करावी, शुद्धीची योजना तज्ज्ञ संस्थेकडून आखावी आणि खर्च दूषण करणाऱ्याकडून घ्यावा. तो सापडला नाही अथवा देऊ शकला नाही, तर केंद्र व राज्य यांनी सोसावा, अशी त्यांची मांडणी आहे. देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली असून शुद्धीचे काम त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी सुरू झाले असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. नियमांतील मोठी उणीव येथेच आहे. तपासणीला मुदत आहे, पण प्रत्यक्ष शुद्धी पुरी करण्यास मुदत नाही. मुदतीवाचून असलेली सरकारी जबाबदारी म्हणजे तिथीवाचून काढलेला लग्नाचा मुहूर्त!

दुसरी उणीव आम्हां गोमंतकीयांच्या थेट जिव्हाळ्याची आहे. खाणकामातून होणारे दूषण आणि कचराभूमीतील घनकचरा ही दोन्ही या नियमांतून सामान्यतः वगळली आहेत. अन्य घातक द्रव्ये त्यांत मिसळून मर्यादा ओलांडली गेली, तरच नियम लागू होतात. गोव्याची जखम कोठे आहे? नेमकी याच दोन ठिकाणी! २०१२ आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंद पडलेल्या खाणींचे मातीचे डोंगर डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत उभे आहेत आणि पावसागणिक त्यांची लाल गाळवणी शेतांत उतरते. मडगावच्या वेशीवरील सोनसोडोचा ढिगारा तर साऱ्या राज्याला ठाऊक आहे. २०१९ च्या मे महिन्यात तो पेटला, तेव्हा दक्षिण गोव्याच्या राजधानीने दिवसेंदिवस धूर गिळला. मडगाव हे कोकण रेल्वेचे गोव्यातील मोठे स्थानक. शहर त्या अंगानेही वाढते आहे. उद्या सोनसोडोचा कचरा उपसून झाला, की त्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न आजच विचारावयास हवा. उपसणी झाल्याचा दाखला म्हणजे जमीन शुद्ध झाल्याचा दाखला नव्हे.

गोव्यात हा विचार आणखी एका कारणाने निकडीचा आहे. नगरनियोजन कायद्यातील कलमांचा आधार घेऊन शेतजमिनी व डोंगरउतार वस्तीसाठी खुले करण्यावरून येथे लोकांत असंतोष आहे. आमचे सरकारास विचारणे असे, की एकीकडे हिरवे डोंगर कापावयाचे आणि दुसरीकडे रस्त्याला व रेल्वेला लागून असलेल्या बिघडलेल्या जमिनी तशाच पडू द्यावयाच्या, यात कोणते नियोजन आहे? शुद्ध केलेल्या प्रत्येक एकराने एक एकर शेत वाचते. हा हिशेब कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही.

मग करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, संशयित दूषित जमिनीची नोंद एक-चौदाच्या उताऱ्यावर, आणि महाराष्ट्रात सात-बारावर, झाली पाहिजे. ज्या जमिनीवर बोजा असतो त्याची नोंद आपण करतो. विष हाही बोजाच आहे. दुसरी, तपासणीचे अहवाल त्या गावच्या भाषेत, मराठीत व कोंकणीत, पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. तिसरी, शुद्धीचे परिमाण वापरावर ठरावे. गाडीतळास चालेल ती माती बालवाडीला चालणार नाही. चौथी, स्थानक येताच जमिनीची किंमत जी चढते, त्या वाढीव किमतीतला वाटा आधी शुद्धीला आणि मग स्थानकाला मिळावा. असा वाटा घेण्याची चौकट केंद्राने २०१७ सालीच आखून दिली आहे. ती शुद्धीसाठी वापरण्यास कोणाची हरकत असावी, असे वाटत नाही. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्या जमिनीवर अधिकारी आणि बांधकाम व्यावसायिक स्वतःच्या मुलाबाळांसह राहावयास धजणार नाहीत, तेथे गरिबाला सक्तीने नेऊन बसवू नये.

यास पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. पैसा लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण न केलेल्या शुद्धीचाही खर्च असतो. तो फक्त सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो रुग्णालयाच्या दारात, विकतच्या पाण्याच्या टँकरपुढे आणि वयात येण्याआधीच थकलेल्या पोरांच्या चेहऱ्यांवर दिसतो. तो भरणारे वेगळे असतात, इतकेच.

आणि हा कचरा एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्याच्या दारात नेणे म्हणजे शुद्धी, असाही समज कोणी करून घेऊ नये. भोपाळचा कचरा आला तेव्हा पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर तेल ओतून पेटवून घेतले. इंदूरपासून जवळच असलेल्या त्या औद्योगिक गावात आता त्या कचऱ्याची शेकडो टन राख आहे आणि तिचे काय करावयाचे हा वाद पुन्हा न्यायालयात गेला. केरीच्या पठारावर नायलॉनच्या प्रकल्पाविरुद्ध १९९५ साली गोमंतकीय जनता उभी राहिली आणि त्या लढ्यात एका तरुणाचा बळी गेला, तेव्हा भोपाळला जेमतेम दहा वर्षे झाली होती. विष एकदा जमिनीत उतरले की पिढ्यांचे होते, हे त्या लोकांना पुस्तके न वाचता कळले होते. ते राज्यकर्त्यांना नियम होऊनही कळू नये, असे होता कामा नये. मेट्रो धावो, रेल्वे धावो, त्यांच्या काठाने नवी घरेही उभी राहोत. परंतु पहिली वीट रचण्यापूर्वी खालची माती काय म्हणते ते ऐकावे आणि जे ऐकू येईल ते तेथे राहावयास येणाऱ्याला आधी सांगावे.